मदत हवी आहे: रातायस्कीला जगज्जेता म्हणता येतं का? (उद्या दुपारपर्यंत उत्तर हवंय)

सई_कोथरूड
ऑफिसच्या पुणे आणि क्राकूव टीमची मिळून शुक्रवारी क्रीडा प्रश्नमंजूषा आहे. प्रश्न मी काढतेय. पोलंडच्या फेरीत डार्ट्सपटू क्शिश्तोफ रातायस्कीवर प्रश्न आहे आणि उत्तरात 'जगज्जेता' असं लिहायचंय. तिकडचा सहकारी म्हणतो, चालणार नाही. पण त्याने वर्ल्ड मास्टर्स जिंकली आहे ना? मग यादीत नाव का नाही? आणि नंतर तो क्रमवारीत खाली कसा घसरला? प्लीज पटकन सांगा, उद्या दुपारी प्रश्न पाठवायचेत.

बाणपेटी
कुठली यादी? कुठल्या वर्षीची वर्ल्ड मास्टर्स? क्रमवारी कोणत्या संघटनेची?

सई_कोथरूड
यादी म्हणजे जगज्जेत्यांची! क्रमवारी म्हणजे जागतिक क्रमवारी. वर्ल्ड मास्टर्स 2017ची. एवढ्यावरून समजायला हवं.

बाणपेटी
समजलं, पण संघटना विचारली ती उगाच नाही. डार्ट्समध्ये 1990च्या दशकाच्या सुरुवातीला फूट पडली. फिल टेलर, एरिक ब्रिस्टोसारखे मोठे खेळाडू जुन्या बीडीओमधून (ब्रिटिश डार्ट्स ऑर्गनायझेशन) बाहेर पडले आणि 1994 पासून त्यांची वेगळी जागतिक स्पर्धा सुरू झाली. त्यांचीच संघटना म्हणजे आजची पीडीसी (प्रोफेशनल डार्ट्स कॉर्पोरेशन). रातायस्कीने 2017 मध्ये जिंकली ती बीडीओच्या बाजूची वर्ल्ड मास्टर्स. ती जागतिक अजिंक्यपद स्पर्धा नव्हे, म्हणून तुमच्या यादीत तो नाही. पुढे तो पीडीसीकडे वळला. आणि पीडीसीने 2025 पासून आपल्या मास्टर्स स्पर्धेलाही वर्ल्ड मास्टर्स हेच नाव दिलंय, म्हणजे नुसतं नाव वाचून काहीच कळत नाही. 'जगज्जेता' लिहू नका.

निवृत्त_मास्तर
बाणपेटी, तुम्ही त्या स्पर्धेला फार कमी लेखताय. वर्ल्ड मास्टर्स 1974 मध्ये सुरू झाली, जागतिक अजिंक्यपद त्यानंतर चार वर्षांनी. ब्रिस्टोने ती पाच वेळा जिंकली. एकेकाळी या खेळात त्याहून मोठा मान नव्हता. पोलंडसारख्या देशातला खेळाडू ब्रिटिश आणि डच लोकांच्या गर्दीतून वाट काढून ती जिंकतो, ही साधी गोष्ट आहे का? ताई, 'वर्ल्ड मास्टर्स विजेता' असं खुशाल लिहा.

बाणपेटी
मास्तर, 'वर्ल्ड मास्टर्स विजेता' लिहायला माझी ना नाहीच. 'जगज्जेता'ला आहे. 2017 पर्यंत सगळे अव्वल खेळाडू पीडीसीत होते, मास्टर्सचा दर्जा 1980च्या दशकातला राहिला नव्हता.

निवृत्त_मास्तर
दर्जा खेळाडूच्या हातात नसतो. समोर जो येईल त्याला हरवायचं, ते त्याने केलं.

भिंतीवरचा_बोर्ड
ऑफिसात खरा बोर्ड लावणार असाल तर सिसलचाच (वनस्पतीच्या तंतूंचा) घ्या, कागदाचा आठवडाभरात फाटतो. मध्यबिंदू जमिनीपासून 1.73 मीटर आणि फेकण्याची रेघ बोर्डाच्या दर्शनी बाजूपासून 2.37 मीटर. मोजताना भिंतीपासून मोजू नका, सगळे तिथेच फसतात. खाली रबरी चटई टाका, नाहीतर डार्टची टोकं बोथट होतात.

सई_कोथरूड
दादा, बोर्ड कुणी विचारला नाही. क्रमवारीचं कुणी सांगेल का?

आकडेमोड
मी सांगतो. पीडीसीच्या मुख्य क्रमवारीत गुण नसतात, मागच्या दोन वर्षांत पीडीसीच्याच स्पर्धांत मिळवलेली बक्षिसाची रक्कम मोजतात. त्यामुळे 2017च्या विजेतेपदाचा तिथे एक पौंडही जमा नाही. पुढे 2019 मध्ये त्याने पीडीसीच्या युरोपियन टूर या मालिकेतली जिब्राल्टर डार्ट्स ट्रॉफी जिंकली आणि नंतर पहिल्या सोळात आला. 2021च्या जागतिक स्पर्धेत गॅब्रिएल क्लेमेन्सला 4-3 हरवून तो उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तिथे स्टीफन बंटिंगकडून 5-3 हरला, पण 50,000 पौंड मिळाले. त्याच वर्षी इंग्लंडात ब्लॅकपूलला वर्ल्ड मॅचप्ले या पीडीसीच्याच मोठ्या स्पर्धेच्या उपांत्य फेरीत खेळला, तिथे दिमित्री व्हॅन डेन बर्ग भारी पडला. आता विचार करा, दोन वर्षांनी या दोन्ही स्पर्धांच्या रकमा हिशोबातून निघून जातात. तेवढीच कमाई पुन्हा झाली नाही तर खेळाडू वाईट न खेळताही घसरतो. ही पद्धत निर्दयी आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

बाणपेटी
निर्दयी कसली? ताजा फॉर्म मोजायला याहून बरी पद्धत नाही. नाहीतर दहा वर्षांपूर्वीच्या विजयावर लोक मानांकन घेऊन बसतील.

रंकाळा_काठ
पोलंडचा विषय निघालाय म्हणून सांगते. दुसऱ्या महायुद्धात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती, 1943 ते 1948. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. सई, क्राकूवच्या लोकांना या फेरीत हा प्रश्न नक्की विचार, त्यांना आनंद होईल.

सई_कोथरूड
मावशी, हा प्रश्न घेतेच, पण इतिहासाच्या फेरीत. क्रीडा फेरीत कसा बसवू?
आकडेमोड, मला हेच हवं होतं. म्हणजे प्रश्न असा: 'डार्ट्सच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेची उपांत्यपूर्व फेरी गाठणारा पहिला पोलिश खेळाडू कोण?' चालेल?

बाणपेटी
पीडीसी हा शब्द घाला. 'पीडीसी जागतिक अजिंक्यपद स्पर्धा'. आणि वर्ष विचाराल तर सांभाळा. 2021ची स्पर्धा डिसेंबर 2020 मध्ये सुरू झाली होती, कुणीतरी 2020 म्हणून भांडेल.

निवृत्त_मास्तर
एक जोडप्रश्न सुचवतो. रातायस्कीचा जन्म 1 जानेवारी 1977चा, गाव स्कार्झिस्को-कामियेन्ना. ती बंटिंगविरुद्धची लढत 1 जानेवारी 2021ला झाली, म्हणजे त्याच्या 44व्या वाढदिवशी, आणि करोनामुळे स्पर्धेचं लंडनमधलं सभागृह अलेक्झांड्रा पॅलेस प्रेक्षकांविना ओस पडला होता. वाढदिवस, कारकिर्दीतली एवढी मोठी लढत आणि टाळ्या वाजवायला कुणी नाही. हे विचारा, क्राकूवकर लगेच हात वर करतील.

सई_कोथरूड
मास्तर, घेतला! दोन्ही प्रश्न आत्ताच पाठवतेय. टोपणनाव 'पोलिश ईगल' आहे ना, ते इशारा म्हणून दिलं तर फार सोपं होईल का?

आकडेमोड
क्राकूवसाठी फारच सोपं. पुण्याच्या टीमला द्या.