जीव वाचवणारी फेलोशिप की हुशार माणसं पकडायचं जाळं?

ऱ्हाइनकाठ:
परवा दुसऱ्या धाग्यावर जकातनाका यांनी एक पिंक टाकली. ती अशी: "जिवाला धोका असलेल्या प्राध्यापकांना युरोप-अमेरिका फेलोशिप देतात ती दानत नव्हे, तयार माल स्वस्तात उचलायचं जाळं आहे. शिकवायचा खर्च गरीब देशाचा, फळं गोऱ्यांची." खाली अंगठ्यांची रांग. दोन ओळींत उत्तर द्यायला बसलो, आवरेना, म्हणून वेगळा धागा.

माल उचलायचा होता तर दोन वर्षांनी परत दाराबाहेर का ठेवतात हो?

२०१७ साली मी जर्मनीतल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक करत होतो. आमच्या मजल्यावर तुर्कस्तानातून समाजशास्त्राच्या एक बाई आल्या. गुन्हा काय, तर कुर्दी भागातली लष्करी कारवाई थांबवा म्हणणाऱ्या पत्रकावर जानेवारी २०१६ मध्ये सही. जाहीर झालं तेव्हा त्यावर ११२८ सह्या होत्या. जुलैत उठाव फसला, मग एकामागून एक हुकूमनामे. राजपत्रात नाव आलं की नोकरी गेली आणि पासपोर्टही रद्द. बाई आधीच निसटल्या होत्या, नवरा तिकडे अडकला.

आमच्या मजल्यावर प्रत्येक दारावर धातूची पाटी. बाईंच्या दारावर प्रिंटआउट, सेलोटेपनं चिकटवलेला. ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, पाटी बनून यायला तीन महिने लागतात, आणि यांचं चोवीस महिन्यांचंच आहे ना? चोवीस महिने तो कागद तिथे होता. कडा पिवळ्या पडल्या, मध्ये एकदा टेप बदलला, बस.

ती फेलोशिप फिलिप श्वार्ट्स यांच्या नावाची, हुम्बोल्ट फाउंडेशन देतं. संकटातल्या माणसाला स्वतः अर्ज करता येत नाही. जर्मन विद्यापीठानं त्याच्या वतीनं करायचा, आत एक मार्गदर्शक हवा, धोक्याचे पुरावे हवेत. दोन वर्षं, फार तर आणखी एक. म्हणजे मला विचाराल तर एसटी स्टँडवरच्या बाकड्याची सोय. रात्र निघते, संसार मांडता येत नाही. शिव्या द्यायच्या तर त्याला द्या.

जकातनाका:
पिंक म्हणालात, आनंद आहे. आता तांब्याभर घ्या.

१९३३ मध्ये हिटलरनं हाकललेल्यांसाठी न्यूयॉर्कमध्ये समिती झाली. मदत मागणारे सुमारे ६०००, मिळाली ३३५ जणांना. कुणाला? ज्यांचं नाव आधीच झालेलं, त्यांना. तरुण अमेरिकनांच्या नोकऱ्यांवर गदा नको, असं समितीचं धोरणच होतं. ब्रिटनमध्ये त्याच वर्षी निघालेली संस्था आजही अभिमानानं सांगते, आम्ही वाचवलेल्यांपैकी सोळा जणांना नोबेल. नोबेल न मिळालेले किती, हे कधी मोठ्या अक्षरांत वाचलंत?

आणि ताजं ऐका. मार्च २०२५ मध्ये मार्सेयच्या विद्यापीठानं अमेरिकेतल्या संशोधकांसाठी दीड कोटी युरोंची योजना काढली. यांच्या दारावर कुणी पोलिस आला होता? अनुदान कापलं गेलं होतं. काबूलवाल्यानं पुरावे जोडायचे, बोस्टनवाल्याला पायघड्या. जाळं नाही तर काय?

तासिका_तत्त्व:
पाटीचं वाचून हसू आलं. मी नेट, सेट, पीएच.डी. अकरावं वर्ष सीएचबी, म्हणजे तासाच्या हिशेबानं शिकवणारा. आमच्या स्टाफरूममध्ये सीएचबीवाल्याला खुर्ची नाही. लॅबमधल्या स्टुलावर बसून पेपर तपासतो, त्याचा एक पाय तुटका आहे म्हणून खाली जर्नलची पुठ्ठी घातलीत. मानधन मार्चचं दिवाळीला. दर जूनला पुन्हा मुलाखत, जणू काल जन्मलो. चोवीस महिने सलग पगार? आम्हाला नऊ महिन्यांचीसुद्धा हमी नाही. आम्ही कोणत्या देशाचे विस्थापित?

निमकी:
दादा, रात्री पोलिस दार ठोठावतात आणि मानधन उशिरा येतं, यात फरक आहे.

तासिका_तत्त्व:
आहे ना. त्यांच्यासाठी मेल लिहायला कुणीतरी आहे. माझ्यासोबत सेट झालेला मित्र आज कांदा मार्केटला आडत्याकडे वह्या लिहितो. भाषाशास्त्रात पीएच.डी.

मुळामुठा:
+१. भरती निघाली की आरक्षणाच्या रोस्टरचा घोळ, घोळ सुटला की आचारसंहिता, आचारसंहिता उठली की संस्थाचालकांचा 'आकडा'. आमच्या वेळी मागितलेल्या आकड्यात गावाकडे विहीर, पाइपलाइन आणि बहिणीचं लग्न झालं असतं.

तासिका_तत्त्व:
आकडा दिलेलेच आता नैतिक मूल्यांवर कार्यशाळा घेतात.

मुळामुठा:
प्रमाणपत्रासकट. शंभर रुपये भरून.

ऱ्हाइनकाठ:
अहो, चाललंय काय? तुर्की बाईंचा विषय कुठे आणि तुमचं स्टूल कुठे! सीएचबीसाठी दुसरा धागा काढा की.

तासिका_तत्त्व:
काढला होता. तीन प्रतिसाद, त्यातले दोन माझेच. तुम्हाला परदेशातलं दुःख दिसतं, तालुक्यातलं अवांतर. जर्मनीतून बोलणं सोपं आहे साहेब.

सदू मास्तर:
भांडू नका, दोन्ही एकच विषय आहेत. ज्या श्वार्ट्सच्या नावाची फेलोशिप, तो पॅथॉलॉजीचा प्राध्यापक, स्वतः हाकललेला. त्यानं झुरिकमध्ये बसून जर्मन प्राध्यापकांना इस्तंबूलमध्ये जागा मिळवून दिल्या. पण त्या रिकाम्या कशा झाल्या? १९३३ मध्येच तुर्की सरकारनं तिथलं जुनं विद्यापीठ, दारुल्फुनून, मोडून नवं विद्यापीठ काढलं आणि निम्म्याहून जास्त जुन्या शिक्षकांना घरी बसवलं. त्यांच्या नावाची फेलोशिप कुठेही नाही.

आपल्याकडचं सांगू? हिटलरच्या राज्यात नोकरी गेलेले जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स बॉर्न, त्यांना रामननी बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आणलं, १९३५-३६ चा हिवाळा. कायमची जागा द्यावी म्हणून झगडले. भर सभेत नुकताच आलेला एक इंग्रज प्राध्यापक उठला आणि म्हणाला, स्वतःच्या देशानं हाकललेला दुय्यम दर्जाचा परका आपल्याला कशाला? बॉर्न समोर बसलेले. घरी जाऊन रडले. नंतर एडिंबरोला गेले, १९५४ ला नोबेल. तसेच जर्मनीतून आलेले गणिती लेवी मात्र कोलकात्याला टिकले, १९४८ ला मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले.

जकातनाका:
मास्तर, दंडवत. पण तुम्हीही शेवटी नोबेलवरच आलात.

सदू मास्तर:
सवय. मान्य.

गोदूताई:
आणि आपण काहीच केलं नाही असंही नाही. १९९० नंतर काश्मिरी पंडितांच्या मुलांसाठी महाराष्ट्रानं इंजिनिअरिंगला जागा ठेवल्या. माझ्या वर्गात दोघे होते. पुरावे-बिरावे कुणी छळून मागितले नाहीत.

निमकी:
ते विद्यार्थ्यांसाठी. शिक्षकांसाठी काय आहे आपल्याकडे?

२०२१ ला आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण बाई भाड्यानं राहायची. काबूलला शिकवत होती, पुण्यात पीएच.डी. ऑगस्टमध्ये काबूल पडलं. तिची मैत्रीण सुट्टीला घरी गेलेली. देशाबाहेर असलेल्या अफगाणांचे जुने व्हिसा भारतानं रद्द केले, ती तिथेच राहिली. ही इथे रोज सकाळी गच्चीवर जाऊन फोन लावायची, रेंज चांगली म्हणून. डिसेंबर २०२२ ला तिकडे मुलींना विद्यापीठच बंद झालं, म्हणजे जिथे परत जाऊन शिकवायचं तीच जागा संपली. जर्मनीतल्या सहा प्राध्यापकांना तिनं मेल केले. एकाचं उत्तर आलं, की आमच्याकडे या विषयात मार्गदर्शक नाही. त्याच वर्षी युक्रेनच्या संशोधकांसाठी युरोपनं अडीच कोटी युरोंची वेगळी योजना काढली होती. ते चांगलंच केलं. पण ती म्हणाली, माझं युद्ध जुनं झालं असेल.

ऱ्हाइनकाठ:
हे मी वर लिहायला हवं होतं. ओळख नसेल तर बाकडंही मिळत नाही.

जकातनाका:
ठीक आहे, 'जाळं' मागे घेतो. जाळ्यात निदान मासे तरी येतात. निमकी, बाईंना नव्यानं अर्ज करायचा असेल तर मसुदा मी बघून देईन. इंग्रजी बरं आहे माझं, स्वभाव नसला तरी.

निमकी:
आता नाही लागणार. ती गेल्या वर्षी टोरोंटोला भावाकडे गेली, दुकानात काम करते. तिच्या मुलाखतींच्या वह्या आमच्या माळ्यावर आहेत, दोन खोकी. कुरिअरचा खर्च तिला परवडेना. जाणारं कुणी असेल तर सांगा.

तासिका_तत्त्व:
माझा मामेभाऊ जूनमध्ये टोरोंटोलाच चाललाय. वजन किती भरेल?