मदत हवी आहे: नवऱ्याच्या इटालियन पणजोबांचं गाव कसं शोधावं?

चिंचगुळी

नमस्कार मंडळी,

विषय आडवाटेचा आहे, पण इथे कुळवृत्तान्त आणि मोडी कागदांत मुरलेली माणसं आहेत, शिवाय दोन-चार जण इटलीतही राहतात, म्हणून विचारते.

मी न्यू जर्सीत असते. नवरा इथलाच, मूळचा इटालियन. मूळचा म्हणजे कुठला, तर 'नेपल्स'. सासूबाईंनाही एवढंच माहीत. बोट नेपल्सहून सुटली म्हणून नेपल्सचे, असा मला दाट संशय आहे. मे महिन्यात त्यांची पंचाहत्तरी आहे आणि त्यांना आजोबांच्या गावी न्यायचं आम्ही ठरवून बसलोय. आता तिकीट कुठलं काढायचं?

एलिस आयलंडच्या (न्यूयॉर्कला बोटीने येणाऱ्यांची नोंद व्हायची ते बेट) साइटवर बोटीच्या यादीचं पान मिळालं, १९०९ सालचं. नाव जेरार्दो, वय २५. राहण्याच्या गावाच्या रकान्यात आधी 'का', मग गिचमिड, शेवटी 'ले'. महिनाभर मी 'कासाले' धरून बसले होते. त्या नावाची गावं इटलीत पैशाला पासरी आहेत. त्याच ओळीत जवळचं नातेवाईक म्हणून बायको कार्मेला लिहिलीय, पण आडनाव भलतंच. पणजीला घरात सगळे मिली म्हणायचे. झालं, 'आजोबांची तिकडे आणखी एक बायको होती' यावर सासूबाई आणि त्यांची बहीण दोन रविवार फोनवर भांडल्या.

दुसरा कागद सैन्यातला. घडीवर फाटलाय आणि गावाचं नाव नेमकं फाटक्या कोपऱ्यात गेलंय. त्यावर 'क्लासे १८८४' आहे आणि नावापुढे 'फु रोक्को'. नवऱ्याच्या चुलतभावाने वंशावळीत 'फु' हे मधलं नाव म्हणून घातलंय, आणि आपल्यात चिनी रक्त असल्याचं तो लोकांना सांगत फिरतो.

तिसरी वस्तू म्हणजे रुमाल. मला दिवस गेले होते तेव्हा सासूबाईंनी एक पांढरा रुमाल आणून उशीखाली ठेवायला लावला होता. सान जेरार्दोचा, म्हणाल्या. कडेची शिवण उसवलेली, एका कोपऱ्यात पिवळट डाग, डांबराच्या गोळ्यांचा वास. त्यांच्या तिन्ही बाळंतपणांत तोच होता. मी ओटीच्या खणासारखा जपला, तेव्हा काही विचारलं नाही.

यावरून गाव निघेल का? नणंदेला इटालियन पासपोर्टही हवाय, पण तो माझा प्रश्न नाही.

तोरिनोकर

चिंचगुळी, आधी सासूबाईंना फोन करा. बायको एकच आहे, कार्मेला तीच मिली. इटलीत बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरच्याच आडनावाने राहते, आजही. ते भलतं आडनाव तुमच्या पणजीचं माहेर आहे, फुकटात मिळालेली एक अख्खी शाखा.

'फु' म्हणजे कैलासवासी. बाप हयात असेल तर 'दी रोक्को', गेलेला असेल तर 'फु रोक्को'. म्हणजे कागद झाला तेव्हा रोक्को हयात नव्हते. आपल्यासारखंच, स्वतःचं नाव, बापाचं नाव. आणि 'क्लासे' म्हणजे जन्मवर्ष, त्यावरून सैन्यभरती व्हायची.

आता गाव. १९०७ नंतरच्या बोटीच्या याद्या दोन पानी असतात. तुम्ही डावं पान पाहिलंत. साइटवर पुढची प्रतिमा उघडा, तीच ओळ धरून अगदी उजवीकडे जा. शेवटचा रकाना जन्मस्थानाचा.

माझा अंदाज आधीच सांगून ठेवतो: कापोसेले, आवेल्लिनो जिल्हा. तुमच्या रुमालाचा सान जेरार्दो, गरोदर बायकांचा संत, १७५५ साली त्याच गावच्या मातेरदोमिनी वाडीत वारला. तुमच्या न्यूअर्कमधल्या सेंट लुसीज चर्चात ऑक्टोबरला त्याची जत्रा भरते, मूर्तीला डॉलरच्या नोटा टाचतात, ती कापोसेलेच्या लोकांनीच सुरू केलेली. अर्थात जेरार्दो हे नाव त्या सगळ्या पट्ट्यात आहे, तेव्हा रकाना बघितल्याशिवाय तिकीट काढू नका.

वांगीपोहे

+१. पासपोर्टचं म्हणाल तर २०२५ पासून नियम आवळलेत, नुसत्या पणजोबांच्या जोरावर नवा अर्ज आता चालत नाही. नणंदबाईंना हळूच सांगा.

चिंचगुळी

तोरिनोकर, पाय कुठे आहेत तुमचे! उजवं पान उघडलं. कारकून बहुतेक दुसरा होता, अक्षर मोत्यासारखं. कापोसेले. सासूबाईंना दाखवलं तर त्या कितीतरी वेळ नुसत्या त्या शब्दावर बोट फिरवत बसल्या. मग बहिणीला फोन.

पुढे काय करू? १९८० च्या भूकंपात तो भाग उद्ध्वस्त झाला असं वाचलं. कागद राहिले असतील का?

तोरिनोकर

२३ नोव्हेंबर १९८०, हो, कापोसेलेलाही जबर फटका बसला. पण जन्ममृत्यूच्या वह्या दोन प्रतींत लिहायचे. एक गावच्या नगरपालिकेत, दुसरी न्यायालयाकडे, आणि ती यथावकाश सरकारी दफ्तरखान्यात जाते. त्या वह्यांची छायाचित्रं 'अन्तेनाती' या सरकारी साइटवर फुकट पाहता येतात. दक्षिणेत नोंदी १८०९ पासूनच्या आहेत, त्यामुळे रोक्कोच्या आजोबांपर्यंत सहज जाल. बहुतेक वह्यांच्या शेवटी नावांची सूची असते, १८८४ ची वही मागून उघडा. लग्नाची जोडपत्रं, 'अल्लेगाती', सापडली तर सोडू नका, त्यांत आईबापांचे दाखले जोडलेले असतात.

नाही सापडलं तर नगरपालिकेला साध्या इटालियनमध्ये मेल करा आणि आईबापांच्या नावासकट जन्माचा उतारा मागा. मजकूर मी लिहून देतो, आडनाव व्यनित (व्यक्तिगत निरोपात) कळवा.

चिंचगुळी

व्यनि केलाय. मेची तिकिटं नेपल्सचीच काढली, पुढे गाडीने जाऊ. रुमाल बरोबर न्यायचाय असं सासूबाई म्हणतायत. धुवायचा नाही, अशी सक्त ताकीद आहे.