आवरण असलेली गोळी आतड्यात गेल्यावरच कशी विरघळते?

प्रश्न (यवतमाळ जिल्हा): बाबांना पॅन्टोप्राझोलची (जठरातले आम्ल कमी करणाऱ्या औषधाची) गोळी गिळता येत नाही, म्हणून आई ती खलबत्त्यात कुटून पाण्यातून देते. आर्णीच्या औषध दुकानदारांनी त्याला सक्त मनाई केली. आपण जठरात आहोत की आतड्यात, हे त्या आवरणाला कळते तरी कसे?

उत्तर (औषधनिर्माणशास्त्राची अध्यापिका, वर्धा): दादा, दुकानदारांचे म्हणणे बरोबर आहे. असे आवरण बहुधा मेथॅक्रिलिक आम्लापासून बनवलेल्या पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंचे असते आणि त्याच्या साखळ्यांवर कार्बोक्सिल गट (आम्लधर्मी अणुगट) असतात. रिकाम्या जठरात सामू (pH; जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण 1 ते 3 असतो. तिथे हे गट आपला हायड्रोजन सोडत नाहीत, भाररहित राहतात आणि पापुद्रा टिकतो. आतड्यात सामू 5.5 च्या वर गेला की ते हायड्रोजन सोडतात, ऋणभारित झालेल्या साखळ्या एकमेकींना दूर लोटतात, पाणी आत शिरते आणि पापुद्रा विरघळतो. घटकांचे प्रमाण बदलून हा उंबरठा 7 पर्यंतही नेता येतो. मोठ्या आतड्याच्या सुजेवरील मेसालाझिनच्या काही गोळ्या तशाच असतात. पॅन्टोप्राझोल आम्लात टिकत नाही, त्यामुळे कुटलेल्या गोळीतले बरेचसे औषध जठरातच नष्ट होते.

उत्तर (बी. फार्म. विद्यार्थी, दारव्हा): ताई, मग कायटोसानचे (कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणाऱ्या पॉलिमरचे) आवरण चालेल का?

उत्तर (अध्यापिका): एकटे नाही. त्याचे अमिनो गट (नायट्रोजन असलेले अणुगट) आम्लात धनभारित होतात, म्हणून ते नेमके जठरातच विरघळते. दादा, डॉक्टरांना लेपित कणांच्या पुडीबद्दल विचारा. मात्र ते कणही चावायचे नसतात.