ब्युप्रेनॉर्फिन थोडं थोडं सुरू करताना जुनं औषध नेमकं कधी थांबवायचं?

निळीशाई:
मेथाडोनवर असलेल्या पेशंटला ब्युप्रेनॉर्फिनवर आणायचं आहे (दोन्ही अफू-हेरॉइनसारख्या व्यसनावरच्या उपचाराची औषधं). डॉक्टरांनी सात दिवसांत हळूहळू वाढवत न्यायचा तक्ता दिलाय, घरच्यांना तो समजावण्याचं काम माझ्याकडे. नेहमीच्या पद्धतीत आधी विड्रॉवल, म्हणजे औषध तुटल्यावर होणारा त्रास, चांगला येऊ देतात आणि मगच पहिली गोळी देतात. इथे मेथाडोन चालूच ठेवायला सांगितलंय. दोन्ही एकत्र गेल्यावर विड्रॉवल भडकणार नाही का? आणि हातात २ मिग्रॅची गोळी असताना ०.५ मिग्रॅ द्यायचं कसं?

रिसेप्टरवाला:
भडकतो तो एकदम मोठी मात्रा गेली तर. ब्युप्रेनॉर्फिन रिसेप्टरला, म्हणजे मेंदूत ही औषधं जिथे चिकटून काम करतात त्या जागेला, मेथाडोनपेक्षा घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच जागं करतं. मेथाडोन अंगात भरलेलं असताना थेट ८ मिग्रॅ दिलं, तर ते मेथाडोनला एका दमात हुसकावतं आणि अर्ध्या-एक तासात जांभया, काटा, उलट्या, जुलाब सगळं एकदम सुरू. ०.५ मिग्रॅ मात्र थोड्याच जागा अडवतं, उरलेल्या जागांवर मेथाडोन काम करत राहतं. त्यात ब्युप्रेनॉर्फिन शरीरातून निम्मं व्हायलाच एक दिवसाहून जास्त लागतो. कालचं संपायच्या आत आजचं येऊन पडतं, साठा वाढत जातो.

२०१६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या डॉक्टरांनी ही पद्धत दोन पेशंटांवर वापरून प्रसिद्ध केली, त्यांची सुरुवात तर ०.२ पासून होती. आता बऱ्याच ठिकाणी चालणारा तक्ता साधारण असा: पहिल्या दिवशी ०.५ एकदा, दुसऱ्या दिवशी ०.५ दोनदा, मग रोज दोन वेळा अनुक्रमे १, २, ३ आणि ४ मिग्रॅ. सातव्या दिवशी एकदाच १२, आणि त्याच दिवशी जुनं औषध बंद. मेथाडोनचा डोस मोठा असेल तर हेच आणखी लांबवतात, त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेले आकडे वेगळे असले तर तेच पाळा.

अर्धीगोळी:
०.५ म्हणजे २ च्या गोळीचा पाव तुकडा. सुरीने केलेत तर एक तुकडा मोठा, एक लहान आणि बाकी भुगा. गोळी कापायचं छोटं यंत्र घ्या, किंवा औषधाच्या दुकानातून तुकडे दिवसवार पुड्या करून मागा. तसे मिळाले तर घरच्यांचा निम्मा गोंधळ वाचतो. जिभेखाली ठेवायची पट्टी असेल तर ती स्वच्छ कोरड्या कात्रीने कापतात. कंपनीच्या कागदावर कापायला परवानगी नसते, म्हणून डॉक्टरांना विचारूनच.

खरी चूक पुढे होते. तुकडा एवढासा, म्हणून लोक सरळ गिळतात. पोटात गेलेलं बहुतेक यकृतातच संपतं. आधी घोटभर पाण्याने तोंड ओलं करा, तुकडा जिभेखाली, पूर्ण विरघळेपर्यंत बोलणं, पिणं, सिगरेट काही नाही. विरघळल्यावर पाण्याने हलकी चूळ, दात मात्र तासाभराने घासा. हे औषध दातांना त्रास देतं.

रात्रपाळी:
वरच्या दोन्ही प्रतिसादांना +१. तक्ता बिघडतो तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या दिवशी. पेशंटला बरं वाटतं, ‘आता मेथाडोन कशाला’ म्हणून तो स्वतःच सोडतो. अंगात ब्युप्रेनॉर्फिन तेव्हा २-४ मिग्रॅच, ते एकट्याने भार पेलत नाही. मग विड्रॉवल येतो आणि दोष नव्या औषधाला. घरच्यांना हेच दोनदा सांगा.

एक डोस चुकला तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही. दिवसच्या दिवस गेले तर फोन करून तक्ता नव्याने लावून घ्यायचा. दारू आणि झोपेच्या गोळ्या या आठवड्यात सगळ्यात धोक्याच्या, श्वास मंदावतो. नॅलॉक्सोनचा (अशा औषधांचा परिणाम उलटवणारं औषध) नाकात मारायचा स्प्रे घरात हवा, आणि तो कुठे ठेवलाय हे पेशंटखेरीज आणखी एकाला तरी माहीत हवं.

निळीशाई:
आभार. गोळीतच नॅलॉक्सोन आहे. त्याने विड्रॉवल येईल, असं घरचे म्हणताहेत.

रिसेप्टरवाला:
जिभेखालून ते नगण्यच शोषलं जातं. कोणी विरघळवून टोचून घेऊ नये म्हणून ते घातलेलं असतं. भडकवतं ते ब्युप्रेनॉर्फिन स्वतः, म्हणून नॅलॉक्सोन नसलेली गोळी आणली तरी तक्ता हाच लागेल. आणि तरीही भडकलाच, तर मेथाडोन वाढवून दाबायला जाऊ नका. जागा ब्युप्रेनॉर्फिनने धरलेल्या असतात, वरून ओतलेलं फारसं लागू पडत नाही. डॉक्टरांना लगेच कळवा. बहुतेक वेळा ते ब्युप्रेनॉर्फिनच वाढवतात, उलट्यांना ऑन्डानसेट्रॉन आणि घाम-धडधडीला रक्तदाब बघून क्लोनिडीन देतात.