पाळीपाळीने प्रश्नमंजुषा : पुढची पाळी कोणाची, हे ठरवायचं कसं?

व्हॉट्सअ‍ॅपवर आम्ही जळगाव, धुळे, धडगावचे आठ जण रात्री सामान्यज्ञान खेळतो. पहिलं बरोबर उत्तर देणारा पुढचा प्रश्न विचारतो. घोळ इथेच आहे. धडगावला नेट रेंगाळतं, त्यामुळे तिथल्याचं उत्तर त्याच्या फोनवर पहिलं, आमच्याकडे तिसरं दिसतं.

टेलिग्रामचा क्विझ पोल करून पाहिला. एकदा दिलेलं उत्तर बदलता येत नाही, हे छान. पण चार पर्याय समोर असले की तुक्का लागतो. ‘तापीचा उगम कुठे?’ला मुलताई न येणाराही बरोबर ठरतो! ठरलेल्या क्रमाने पाळी दिली, तर उत्तराची घाई उरत नाही, तोवर गुगल होतं.

व्हिडिओ कॉल नको, डेटा पुरत नाही. पर्याय न देता, नेटच्या वेगावर न अवलंबता पुढची पाळी ठरवणारा नियम कोणी वापरता का?