अनुभव धागा : आफ्रिकेतील वन्यप्राणी आश्रयस्थानांत स्वयंसेवा

आफ्रिकेत जाऊन जखमी किंवा अनाथ वन्यप्राण्यांची सेवा करायची आहे, कुठे जावे, असे मला अनेकजण विचारतात. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी रोजचे काम नेमके काय होते, प्राण्याला हात किती लागला आणि आपले पैसे कुठे गेले, एवढे तरी लिहावे. सुरुवात मीच करतो.

केपटाऊन, पेंग्विन (धागाकर्ता, मालवण)

केपटाऊनच्या टेबल व्ह्यू भागातील ‘सॅनकॉब’ ही संस्था १९६८ पासून समुद्रपक्ष्यांची शुश्रूषा करते. तिथे मी सहा आठवडे होतो आणि त्यातले पहिले चार दिवस केवळ चटया धुतल्या. कठीण जमिनीवर सतत उभे राहिल्याने पेंग्विनच्या तळपायांना जखमा होतात, म्हणून कुंपणात मऊ चटया अंथरतात, आणि पाहता पाहता त्यांवर विष्ठेचा पांढरा थर चढतो. सुकटीच्या वासात लहानाचा मोठा झालेला मी, पण पहिल्या दुपारी मलाही जेवण गेले नाही.

पाचव्या दिवशी भरवायला बसवले. ठेंगण्या स्टुलावर बसून पक्षी दोन्ही मांड्यांमध्ये धरायचा, मागून डोके पकडून चोच उघडायची आणि आपल्या तारलीचा भाऊबंद शोभेल असा मासा डोक्याकडून आत सरकवायचा. शेपटीकडून घातला तर त्याचे पर घशात अडकतात. पक्षी अर्थातच विरोध करतो, आणि त्याच्या चोचीची धार हातमोज्यातूनही कळते. त्याला थोपटणे, त्याच्याशी लाडाने बोलणे हे सक्त मना, कारण तो परत समुद्रात जायचा असतो.

मी गेलो तेव्हा आईबापांनी टाकून दिलेल्या पिल्लांचा हंगाम होता. पेंग्विन वर्षातून एकदा सगळी पिसे एकदम टाकतो, आणि नवी पिसे येईपर्यंतचे सुमारे तीन आठवडे त्याला पाण्यात उतरता येत नाही. पिल्ले घरट्यात असतानाच आईबापांची पिसे झडू लागली, तर ती पिल्ले उपाशी मरतात. जून २००० मध्ये ‘ट्रेझर’ हे जहाज बुडून तेल पसरले, तेव्हा सुमारे १९,००० तेलकट पेंग्विन धुऊन काढले गेले. आणखी १९,५०० स्वच्छ पक्षी बेटांवरून उचलून दूर पोर्ट एलिझाबेथजवळ सोडले, म्हणजे ते पोहत परत येईपर्यंत तेल साफ करायला अवधी मिळावा. ही युक्ती मला आजही थोर वाटते. तरीही २०२४ मध्ये या आफ्रिकन पेंग्विनची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली.

नैरोबी, हत्ती (येथे राहणारी गृहिणी)

माझा अनुभव नकाराचा आहे. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या शेल्ड्रिक संस्थेच्या अनाथालयात हत्तीच्या पिल्लांना दूध पाजायची माझी फार इच्छा होती. तिथे हे काम पगारी रक्षकच करतात, पाहुण्यांनी दोरीबाहेरून तासभर पाहावे. मला आधी राग आला. मग एका रक्षकाने आइशाची गोष्ट सांगितली. संस्थेच्या संस्थापक डॅफनी शेल्ड्रिक यांनी १९७४ मध्ये नारळाचे तेल असलेल्या दुधावर हे पिल्लू वाचवले. आपण आमटीत नारळ घालतो, इथे दुधातच नारळ! ते सहा महिन्यांचे झाले आणि डॅफनीबाई मुलीच्या लग्नासाठी दूर गेल्या, तेवढ्या विरहाने ते खाणेपिणे सोडून मेले. तेव्हापासून पिल्लाचा जीव एकाच माणसावर जडू नये म्हणून रात्री जवळ झोपणारा रक्षक बदलत राहतो. पंधरा दिवस काम करू पाहणाऱ्या माझ्यासारखीला तिथे जागा नाही, हे मला पटले.

दक्षिण आफ्रिका, सिंह (पुणे)

ठिकाणाचे नाव घेत नाही. २०१६ मध्ये दोन आठवड्यांसाठी मी चांगलीच मोठी रक्कम भरली आणि पहिल्याच सकाळी माझ्या मांडीवर डोळेही न उघडलेला छावा ठेवला गेला. आईने टाकला, असे सांगितले. बाटलीने दूध पाजताना मी रडले होते, हे कबूल करते. दुसऱ्या आठवड्यात आणखी तीन ‘टाकलेले’ छावे आले, तेव्हा शंका आली. पिल्ले काढून घेतली की सिंहीण लवकर पुन्हा माजावर येते, हे मला नंतर कळले. मोठे झालेले सिंह कुठे जातात, या प्रश्नाला ‘दुसऱ्या प्रकल्पात’ एवढेच उत्तर मिळे. अशा पाळीव सिंहांची कुंपणातच शिकार होते आणि हाडे आशियात जात. २०१७ मध्ये सरकारने वर्षाला ८०० सांगाडे निर्यात करण्यास परवानगी दिली होती. २०२१ मध्ये हा धंदा बंद करण्याचे धोरण जाहीर झाले. माझे ते फोटो मी अजून पुसलेले नाहीत, दाखवतही नाही.

युगांडा, चिंपांझी (ठाणे)

व्हिक्टोरिया सरोवरातील न्गाम्बा बेटावर १९९८ पासून अनाथ चिंपांझी ठेवले आहेत. मी भाजी चिरली, भांडी घासली. आपले साधे पडसेही त्यांच्या जिवावर बेतू शकते, म्हणून क्षयाची तपासणी आणि लसी आधीच कराव्या लागल्या. पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घ्या, दाखला नसला तर परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते.

नामिबिया, चित्ता (अकोला, पशुवैद्य)

ओत्जिवारोंगोजवळच्या ‘चित्ता संवर्धन निधी’ या संस्थेत मी गेलो चित्त्यासाठी आणि रमलो शेळ्यांमध्ये. नामिबियातले बहुतेक चित्ते अभयारण्याबाहेर, खासगी शेतजमिनींवर राहतात, आणि शेळी गेली की शेतकरी बंदूक काढतो. म्हणून ही संस्था १९९४ पासून तुर्की वंशाचे राखणदार कुत्रे पैदा करून शेतकऱ्यांना देते. पिल्लू लहानपणीच शेळ्यांत सोडतात, म्हणजे ते कळपालाच आपले कुटुंब मानते. चित्ता लढाऊ नाही, कुत्रा भुंकला की तो काढता पाय घेतो. पिल्लांना जंताचे औषध देणे, शेळ्यांची खुरे कापणे, चित्त्यांसाठी मांस तोडणे ही माझी कामे. जाळीपलीकडचा चित्ता पक्ष्यासारखा चिवचिवतो, हे ऐकून मी आधी झाडावर पाहिले होते!

कुत्रा नेलेल्या एका शेतकऱ्याकडे आम्ही तपासणीला गेलो. तुमच्याकडे बिबट्याने शेळी नेली तर तुम्ही काय करता, असे त्याने विचारले. सरकार भरपाई देते, असे मी अभिमानाने सांगितले. किती दिवसांत, असे त्याने विचारल्यावर मी कुत्र्याचे दात तपासायला घेतले.