लांबारेनेच्या पलीकडचे श्वाइत्झर

मिशनरी डॉक्टर आणि विचारवंत अल्बर्ट श्वाइत्झर यांचे स्मरण अनेकदा आफ्रिकेतील लांबारेने या गावी त्यांनी उभारलेल्या रुग्णालयापुरतेच होते, म्हणून थोडी भर घालतो. १९१३ साली पत्नी हेलेन यांच्यासह ते आजच्या गॅबॉनमधील ओगोवे नदीकाठी पोहोचले, तेव्हा रुग्णालयाची इमारत तयार नव्हती. कोंबड्यांचे जुने खुराडे साफ करून, त्याला चुना लावून त्यांनी रुग्ण तपासायला सुरुवात केली. 'जीवनाविषयी आदर' हे सूत्र त्यांना १९१५ मध्ये याच नदीवर, पाणघोड्यांजवळून बोट जात असताना सुचले. त्या वेळी युरोपात महायुद्ध पेटले होते आणि फ्रेंच वसाहतीतले जर्मन नागरिक म्हणून श्वाइत्झर दांपत्यावर निर्बंध होते. हा संदर्भ सोडला, तर ते सूत्र निव्वळ भूतदयेचे सुभाषित वाटते.

१९५२ च्या नोबेल शांतता पुरस्काराची रक्कम त्यांनी कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरली, हे बहुतेकांना ठाऊक असते. मला मात्र त्याहून मोलाचे वाटते ते एप्रिल १९५७ मध्ये ओस्लो रेडिओवरून प्रसारित झालेले त्यांचे निवेदन, ज्यात अणुचाचण्यांची किरणोत्सारी धूळ गवतातून दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत कशी उतरते, हे त्यांनी डॉक्टरच्या नेमकेपणाने मांडले.

आफ्रिकी माणसाला धाकटा भाऊ म्हणणाऱ्या त्यांच्या वडीलकीवर झालेली टीका रास्तच आहे. गौरव करताना ती झाकू नये. रुग्णालय आजही चालू आहे आणि त्याच आवारात मलेरियावर संशोधन होते.